सव्वीस काठ्यांना पांढरी टेप

सोनाबाईच्या हातून ड्रमची काठी सुटली ती गेल्या वर्षीच्या वीस मार्चला, आणि ती साधी खाली पडली असती तर पुढचं रामायण घडलंच नसतं. खाली पडलेली काठी माणूस वाकून उचलतो आणि पुढे चालू लागतो. सोनाबाईची काठी वर उडाली. महाडच्या भर रस्त्यात, दुपारी बारा वाजता, हजारो माणसांच्या देखत तिने हवेत दोन गिरक्या घेतल्या आणि रस्त्याकडेला ठेवलेल्या मोफत सरबताच्या पिंपात जाऊन पडली. पिंपाशी उभ्या असलेल्या कार्यकर्त्याने ती ओगराळ्याने बाहेर काढली, झटकली आणि मोठ्या अदबीने परत दिली. काठीला लिंबाची बी चिकटली होती. उरलेला रस्ता सोनाबाईने त्या बीसकट वाजवला.

त्यानंतर वाडीत वर्षभर दुसरा विषय नव्हता. लग्नात पन्हं आलं की बायका म्हणायच्या, "सोनाबाईला लांब बसवा गो." सोनाबाई हसायची. हसण्यावारी नेलं नाही तर लोक जास्त बोलतात, हे तिला बासष्टाव्या वर्षी कळत होतं. पण आत कुठेतरी लागायचं, कारण काठी सुटणं ही तिच्यापुरती थट्टेची गोष्ट नव्हती.

वाडी पोलादपूरच्या पुढे, कुडपणचा चढ लागायच्या आधी. वीस मार्चला ड्रम वाजवत महाडात शिरायचं आणि चवदार तळ्यावर मानवंदना द्यायची, हा वाडीचा शिरस्ता. पूर्वी हे काम पुरुषांचं होतं. मग पुरुष मुंबईला गेले, ड्रम विहारातल्या कपाटात गेले आणि तीन वर्षं वाडी तळ्यावर मुकाट्याने जाऊन आली. चौथ्या वर्षी सोनाबाईने कपाट उघडलं. "बाप्यांचे ड्रम तू वाजवणार?" असं कुणीतरी विचारलं, तर ती म्हणाली, "का? ड्रमांना मिशा हायत काय?" तिला शिकवायला कोणी नव्हतं. लहानपणी कानावर पडलेलं तिने आठवून आठवून हाताला शिकवलं, आणि मग एकेका बाईला घरातून ओढून आणलं. या गोष्टीला आता चोवीस वर्षं झाली.

तिची एक चाल होती. दोन्ही काठ्या इतक्या झरझर पडायच्या की ठोके वेगळे ऐकूच येत नसत, नुसता एक सलग घुमणारा आवाज यायचा. हलका सुरू व्हायचा आणि चढत चढत ड्रमच्या बाहेर सांडेल असं वाटायचं. वाडीत त्याला 'उकळी' म्हणत. तळ्याच्या कमानीशी पोचलं की पथक उकळी वाजवायचं, आणि ती सुरू करायची सोनाबाईने, हे ठरलेलं होतं.

आता पथक तेच, पण शिट्टी दीक्षाच्या हातात होती. दीक्षा म्हणजे सोनाबाईच्या दिराची मुलगी, प्राथमिक शाळेत शिक्षिका. सात वर्षांची असताना सोनाबाईनेच तिला उपड्या घमेल्यावर दोन ढलप्या धरून वाजवायला शिकवलं होतं. ही दीक्षा दोन वर्षांपूर्वी ठाण्याला बँडच्या शिबिराला आठवडाभर गेली आणि येताना शिस्त घेऊन आली. तेव्हापासून पथकाला रांगेतलं अंतर आलं, तीन शिट्ट्या आल्या, निळे फेटे आले, आणि गेल्या वर्षापासून पांढरे सुती हातमोजेही आले. शिबिरातल्या सरांचं एक वाक्य तिने पाठ केलं होतं आणि ते ती दर सरावाला ऐकवायची: "पथकातली प्रत्येक स्टिक सारखी दिसली पाहिजे. वेगवेगळी दिसली तर ते पथक नाही, सरपण आहे."

फेब्रुवारीच्या पहिल्या सरावाला दीक्षाने सोनाबाईला बाजूला घेतलं.

"काकी, यंदा तू बॅनर धरशील का? पुढे चालायचं असतं. मान असतो."

"एवढा मान हाय तर तू धर," सोनाबाई म्हणाली.

"मला शिट्टी असते."

"मना ड्रम असतो."

दीक्षाने गळ्यातली शिट्टी बाजूला सारली. मग हळूच म्हणाली, "काकी, तुझी बोटं दुखतात. मला दिसतं गं. काल तुला पिशवीची गाठ सुटली नाही. रस्त्यात परत काठी गेली आणि कुणाच्या डोळ्याला लागली तर?"

बोटांचे सांधे सुजलेले होते, ते काही लपवता येत नाहीत. पण बॅनर म्हणजे काय हे सोनाबाईला पक्कं ठाऊक होतं. ज्या बाईला आता काही जमत नाही पण घरी ठेवलं तर वाईट दिसेल, तिच्या हातात बॅनरचा बांबू देतात. चोवीस वर्षांपूर्वी कपाट उघडणारी ती, आणि आज तिच्याच मागून ड्रम वाजत येणार आणि ती बांबूला धरून चालणार!

"आयक," ती म्हणाली. "या वीस मार्चला काठी सुटली, तर पुढच्या वर्षी मी आपणहून बांबू धरीन. नाय सुटली, तर हा विषय मी मरेपर्यंत काढायचा नाय."

दीक्षाने मान डोलावली. शिस्तीची असली तरी मुलगी मनाने वाईट नव्हती.

घरी आल्यावर सोनाबाईने नवऱ्याला सांगितलं, आणि तिथेच चूक झाली म्हणायची. दत्ताराम निवृत्त वायरमन. उभ्या आयुष्यात त्याने डोंगरातल्या खांबांवर वायरी जोडल्या होत्या आणि त्या जोडांवर टेप गुंडाळली होती. निवृत्तीनंतर खांब राहिले नाहीत, पण खिशातली टेप राहिली. त्याच्या चष्म्याच्या दांडीला टेप होती, टीव्हीच्या रिमोटला होती, मोरीच्या पाइपाला, खुराड्याच्या कडीला, आणि एकदा तर सोनाबाईच्या चपलेच्या अंगठ्यालाही होती. घरात काही मोडलं की तो दुःखी न होता उलट उठून बसायचा.

"काठी सुटते म्हंजे पकड नाय," तो म्हणाला. "पकड नाय म्हंजे टेप नाय. आण इकडं."

दुसऱ्या दिवशी सोनाबाई टेप लावलेल्या काठ्या घेऊन सरावाला गेली. काठ्या लांबून विजेच्या तारांसारख्या दिसत होत्या. दीक्षाने त्या बघितल्या आणि शिट्टी तोंडातून काढली.

"सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही," ती म्हणाली. "नियम आहे."

झालं, सराव बाजूला राहिला आणि टेप लावावी की लावू नये यावर पथक बसलं. तेरा साईड ड्रमवाल्या, एक मोठा ड्रम आणि दीक्षा, अशा पंधराजणी शाळेच्या ओट्यावर. ज्या बायकांना एरवी फेट्याचा रंग विचारला तर 'तुमचं तुम्ही बघा' म्हणत, त्यांना टेपेबद्दल ठाम मतं निघाली. कॉलेजात जाणारी अपेक्षा म्हणाली की तिने फोनवर बघितलंय, परदेशात मोठमोठी पथकं काठ्यांना पांढरी टेप लावतात, उन्हात काठ्या नुसत्या चमकतात. एक म्हणाली, टेप लावायची तर टोकाला लावा, तिथे काठी झिजते. दुसरी म्हणाली, टोकाला लावली तर आवाज बसेल, बुडाशी लावा. तिसरीला तिरकी पट्टी हवी होती, शोभेसाठी. सगळ्यांत जास्त बोलली ती प्रियदर्शिनी, जी महाडच्या एमआयडीसीत नोकरीला होती आणि पथकात मोठा ड्रम वाजवायची. टेपेने वजन वाढतं, वजन वाढलं की मनगट भरतं, असं तिने कारखान्यातले दाखले देऊन सांगितलं. तिच्या हातात काठी नसून गोळा लावलेला दांडा असतो, तेव्हा तिचा या प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

"रविवारी हात वर करून ठरवू," दीक्षा म्हणाली.

मधल्या चार दिवसांत सोनाबाई घरोघर फिरली. रिकाम्या हाताने कशी जाणार, म्हणून परसातल्या कडव्या वालाची पिशवी बरोबर होती. प्रत्येक घरी ती मूठ-मूठ वाल ठेवायची, नातवंडांची चौकशी करायची आणि उठता उठता टेपेचा विषय काढायची. प्रियदर्शिनीकडे तर तिने वाल सोलून नेले. रविवारी चौदापैकी अकरा हात टेपेच्या बाजूने वर गेले. प्रियदर्शिनीने दोन्ही हात वर केले होते, पण दीक्षाने एकच मोजला.

"पांढरी टेप, सगळ्यांना सारखी," दीक्षाने निकाल दिला. "लावणार कोण?"

दत्ताराम ओट्याखालीच उभा होता. तो चार दिवस तिथेच उभा असावा असं वाटत होतं.

निवृत्त होताना त्याच्याकडे पांढऱ्या टेपेची एक पेटी राहिली होती. ती आठ वर्षं माळ्यावर, पत्र्याखाली होती. "शिळी झाली नसंल ना?" सोनाबाईने विचारलं. दत्तारामने तिच्याकडे असं बघितलं की ती पुढे बोललीच नाही. त्याने पडवीत घोंगडी घातली, सव्वीस काठ्या ओळीने मांडल्या आणि तीन दिवस अंघोळ-जेवणाशिवाय उठला नाही. त्याची पद्धत होती. जाड बाजूकडून सुरुवात करायची, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवायचा आणि टेप अशी ताणायची की ती पातळ होऊन करकरली पाहिजे. बघायला येणाऱ्याला तो सांगायचा, "ताणली नाय तर ती टेप नाय, ती चिंधी. माझे जोड घाटातल्या पावसात वीस-वीस वर्षं टिकलेत." सव्वीस झाल्यावर हात राहवेना, म्हणून प्रियदर्शिनीचा दांडाही त्याने न विचारता गुंडाळून टाकला.

काठ्या दिसत होत्या मात्र देखण्या. टेपेची शेवटची टोकं कुठे आहेत ते नखालाही सापडत नव्हतं. दीक्षासुद्धा म्हणाली, "काका, हे ठाण्याच्या सरांना दाखवायला पाहिजे." दत्ताराम त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त जेवला.

आणि काठी सुटायची थांबली. संध्याकाळी ऊन उतरल्यावर सराव व्हायचा, डोंगरावरून गार वारा यायचा, पांढऱ्या काठ्या पांढऱ्या मोज्यांत घट्ट बसायच्या. चार दिवस झाले, आठ झाले, सोनाबाईच्या हातून एकदाही काठी निसटली नाही. "काकी, मानलं तुला," दीक्षा म्हणाली. सोनाबाई हसली, पण तिच्या मनात भलतंच चाललं होतं.

उकळी येत नव्हती.

काठी बोटांत फिरत नव्हती. ड्रमवर पडली की उसळून परत यायची ती आता जडपणे तिथेच बसल्यासारखी वाटायची. टेप आणि मोजा यांच्या आड बोटांना काही कळत नव्हतं. ठोके वेगवेगळे ऐकू यायचे. पाणी नुसतं कोमट होऊन राहायचं, आणि सोनाबाई ते ऐकून शरमेने लाल व्हायची. बाकी कुणाला काही कळत नव्हतं. तेराजणींच्या आवाजात एकीचं कमी-जास्त लपून जातं. पण तिला स्वतःला ऐकू येत होतं ना.

आता सांगणार कुणाला? टेपेसाठी वाल वाटत फिरलेली तीच. नवऱ्याने तीन दिवस पडवीत बसून लावलेली. वीस दिवस तिने तोंडाला कुलूप घातलं. एकोणीस मार्चच्या दुपारी दत्ताराम जेवून आडवा झाला, तशी ती आपल्या दोन काठ्या आणि विळी घेऊन परसात गेली. टेप सोलायला तासभर लागला. एवढं मात्र खरं, त्या माणसाने काम चोख केलं होतं. खालचा गोंद चिकट झालेला होता, तो तिने रॉकेलच्या बोळ्याने पुसून काढला, राखेने घासला, आणि उघड्या काठ्या उघड्या हातात धरून उपड्या घमेल्यावर वाजवून बघितलं.

उकळी आली. पहिल्याच झटक्याला आली, अगदी घमेल्यातून. कोंबड्या पळाल्या. सोनाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग तिने मोजे घालून वाजवलं. तिसऱ्या ठोक्याला काठी सटकून शेणकीच्या खड्ड्यात गेली. तिने मोजे काढले, परत वाजवलं, काठी जागची हलली नाही. मोजे घातले, सटकली. असं तिने पाच वेळा केलं आणि मग ती मटकन पायरीवर बसली. तेवीस वर्षं काठी कधी सुटली नव्हती. सुटली ती ज्या वर्षी मोजे आले त्या वर्षी. एवढी साधी गोष्ट तिला नाही, दीक्षाला नाही आणि आख्ख्या वाडीला नाही, कुणालाच सुचली नव्हती, आणि त्यापायी अडीच शेर वाल गेले होते.

पण मोजे घालायचे नाहीत म्हटलं तर दीक्षा रांगेतून काढणार, आणि काठ्या पांढऱ्या नसल्या तरी काढणार. सोनाबाईने कात्री घेतली आणि दोन्ही मोज्यांचे तळवे, बोटांच्या आतल्या बाजूसकट, कापून काढले. पाठ शाबूत, बोटांची वरची बाजू शाबूत. समोरून बघणाऱ्याला काही कळायचं नाही. मग घर रंगवायच्या वेळचा उरलेला चुना तिने भाताच्या पेजेत कालवला आणि काठ्यांना दोन हात दिले. वाळल्यावर त्या टेपेपेक्षाही पांढऱ्या दिसू लागल्या. सोललेली टेप तिने चुलीत टाकली नाही, वास आला असता. वालाच्या रिकाम्या पिशवीत घालून पिशवी फळीच्या मागे सारली.

वीस मार्चला टेम्पो महाडात पोचला तेव्हा अकरा वाजत आले होते आणि ऊन असं होतं की डांबर मऊ लागत होतं. रस्ताभर निळे झेंडे, माणसांचे लोंढे, घोषणा. दत्ताराम पाण्याचा जार खांद्यावर घेऊन पथकाच्या कडेने चालत होता आणि काठ्यांकडे बापाच्या नजरेने बघत होता. शिट्टी झाली, पथक चालू लागलं.

सोनाबाई एका टोकाला होती. चुन्याचा हाताला घामाबरोबर चुरचुरणारा चटका बसत होता, पण काठी बोटांत खडूसारखी कोरडी बसली होती, फिरत होती, उसळत होती. किती दिवसांनी हात आपले वाटत होते! ती मान ताठ करून वाजवत होती.

अर्ध्या रस्त्यात शेजारून अपेक्षाचा दबका आवाज आला. "आजी, माझी काठी हलत नाय गो."

"हलत नाय म्हंजे?"

"मोज्याला चिकटली. बोटं उघडतच नायत."

सोनाबाईने तिरकी नजर टाकली. रांगभर तोच प्रकार होता. आठ वर्षं पत्र्याखाली शिजलेली, दत्तारामने जीव खाऊन ताणलेली टेप आता उन्हात आखडून मागे सरकली होती आणि खालचा सगळा गोंद वर आला होता. सुती मोज्यांनी तो पिऊन घेतला होता. वरून लोक फुलं उधळत होते, त्या पाकळ्या काठ्यांना चिकटत होत्या. कुणीतरी वाटलेलं एक पत्रक अपेक्षाच्या उजव्या काठीवर बसलं होतं, आणि पोरगी प्रत्येक ठोक्याला ते पत्रक जनतेला दाखवत चालली होती. प्रियदर्शिनीच्या दांड्याला तर आख्खा झेंडूचा हार लागला होता. तिला तो काढता येत नव्हता, म्हणून तिने चेहऱ्यावर असा भाव आणला होता की हार मुद्दामच घातलाय.

एक गोष्ट मात्र चांगली होती. आज कुणाचीही काठी सुटण्याची शक्यता नव्हती.

कमान आली. दीक्षाने हात वर केला. सोनाबाईने उकळी सुरू केली. ती हलकी सुरू झाली, चढली, आणि आज पहिल्यांदाच असं झालं की बाकीच्या बाराजणींचे हात जखडलेले असल्यामुळे तिच्या एकटीचा ड्रम वेगळा ऐकू आला. कडेची माणसं बोलायची थांबली. दीक्षाने मागे न बघता मान किंचित वाकडी केली. तो आवाज तिला लहानपणापासून माहीत होता.

तळ्यासमोर पथक एका ओळीत उभं राहिलं. लाउडस्पीकरवर वाडीचं नाव पुकारलं गेलं. दीक्षा सगळ्यांच्या पुढे, तळ्याकडे तोंड करून. पहिली शिट्टी झाली: काठ्या कमरेच्या पट्ट्यात खोचायच्या. सोनाबाईने खोचल्या. बाकी ओळीत नुसती झटापट सुरू झाली. कुणी काठी पट्ट्यात घातली तर हातही पट्ट्यात अडकला. दुसरी शिट्टी झाली, म्हणजे उजवा हात कपाळाशी. दीक्षाने शिस्तीत सलाम केला. तिच्या मागे बाराजणी काठीसकट हात वर न्यावा की नेऊ नये या पेचात उभ्या होत्या, कारण नेला असता तर शेजारणीचा डोळा गेला असता.

नियम असा होता की शिट्टीनंतर कुणी जागेवरून हलायचं नाही. सोनाबाईने क्षणभर विचार केला. उकळी वाजली होती, काठी सुटली नव्हती, तिची पैज ती जिंकली होती. आता नुसतं कपाळाशी हात नेऊन उभं राहिलं की झालं. पण या तळ्यासमोर वाडी हात न उचलता उभी राहिलेली तिला बघवेना.

तिने गळ्यातला ड्रम उतरवला, पट्ट्यातल्या काठ्या त्याच्याशेजारी जमिनीवर ठेवल्या आणि मोकळ्या हाताने अपेक्षाच्या उजव्या काठीला धरून जोरात हिसका दिला. मोजा उलटा होऊन काठीसकट निघून आला, पत्रकासकट. अपेक्षाचा उघडा हात कपाळाशी गेला. सोनाबाई पुढच्या बाईकडे गेली. हिसका, मोजा, सलाम. पुढची. हिसका, मोजा, सलाम. घाई नाही, धावपळ नाही. चेहरा असा गंभीर की शिबिरात हेच शिकवलंय. एकामागून एक हात ओळीने वर जात होते, आणि गर्दीला वाटलं हा काही नवा प्रकार बसवलाय. आधी दोन-चार टाळ्या पडल्या, मग सगळीकडून पडल्या. प्रियदर्शिनीचा दांडा हारासकट निघाला तेव्हा तर कुणीतरी शिट्टी मारली.

सोनाबाई आपल्या जागेवर परत आली, टाचा जुळवल्या आणि सगळ्यांत शेवटी सलाम केला. तेव्हा कुठे दीक्षाने सलाम सोडायची तिसरी शिट्टी वाजवली.

दीक्षा वळली. समोर काकी उभी, आणि काकीच्या डाव्या काखेत बारा काठ्या आणि एक दांडा, प्रत्येकाला एकेक मोजा लोंबतोय, वर पाकळ्या. दीक्षाचं तोंड उघडं राहिलं. तिने ठाण्याहून आणलेलं सगळं सरपण सोनाबाईच्या काखेत होतं.

"मला वाटलं तुझी काठी परत सरबतात गेली," बाजूला आल्यावर ती एवढंच म्हणाली. "मागून पावलं वाजत होती. मी काळजीनं मेले."

मग तिचं लक्ष सोनाबाईच्या हाताकडे गेलं. तिने तो हात उलटा केला. मोज्याला तळवा नव्हता. खालचा तळहात चुन्याने पांढरा आणि मधोमध लाल झालेला होता. तेवढ्यात दत्ताराम जार घेऊन आला, ओळीत जमिनीवर राहिलेल्या तिच्या दोन काठ्याही त्याने उचलून आणल्या होत्या. नख लावून बघितलं, पांढरं बोटाला आलं. त्याने ते हुंगलं.

"चुना," तो म्हणाला. त्याचा चेहरा पडला. "माझी टेप काढलीस गो?"

"काढली," सोनाबाई म्हणाली. "तुमचं काम वाईट नव्हतं. सोलायला एक तास लागला मला."

दत्तारामला हे ऐकून जरा बरं वाटलं. "तासभर?" त्याने परत विचारलं. मग काळजीने म्हणाला, "पण मग काठी सुटली का?"

"सुटली नाय," सोनाबाई म्हणाली. "सोडली. ह्या पोरींच्या सुटत नव्हत्या म्हणून."

दीक्षाने जार कलंडवला आणि काकीच्या तळहातावर पाणी सोडलं. चुना वाहून गेला. ती बराच वेळ तो हात धूत राहिली, धुण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी.

"काकी," ती म्हणाली, "घमेल्यावर शिकवायचीस तेव्हा माझ्या हातून ढलपी सारखी पडायची. तेव्हा तू काय लावलं होतंस तिला?"

"काय लावणार? मागं बसून तुझा हात धरायची."

दीक्षाने आपल्या हातातले पांढरे मोजे काढले, नीट घडी केली आणि पिशवीत टाकले. मग खाकरून तिने आपला शिबिरातला आवाज लावला. "पुढच्या वर्षी मोजे नाहीत. टेप नाही. उकळी काकी एकटी सुरू करेल, आणि ती चढेपर्यंत कुणी मध्ये वाजवायचं नाही."

"आणि बॅनर?" प्रियदर्शिनीने विचारलं. तिच्या डाव्या हातावर हाराची दोन फुलं अजून होती.

सगळ्यांनी दत्तारामकडे बघितलं. तो बॅनरच्या बांबूपाशी उभा राहून कापडाची एक सुटलेली गाठ बोटाने तपासत होता, आणि त्याचा दुसरा हात हळूच खिशाकडे चालला होता.